घरून आलं असेल

जावई छतात अडकला होता.

म्हणजे चेपलाबिपला नव्हता. ऑफिसात खालून जे गुळगुळीत पांढरं छत दिसतं ते खोटं असतं. खरा स्लॅब त्याच्या वर. या दोघांच्या मधे जेमतेम माणूस मावेल एवढी पोकळी, तिथं लोखंडी पट्ट्यांवर फळी टाकलेली आणि त्या फळीवर हा पालथा. बाजूनं गार हवेचा पत्र्याचा डक्ट गेलेला. त्याला काचेचा कापूस गुंडाळायचा, वरून चंदेरी टेप मारायची आणि पोटावर सरकत पुढं जायचं. रोजचंच काम. डोळे मिटून केलं असतं.

आज अर्ध्या वाटेत तो थांबला तो थांबलाच. पुढं सरकावं तर मांड्या घासणार. मागं यावं तरी मांड्या घासणार. आणि मांड्यांच्या मधे जे काही चाललं होतं त्याला आता कापडसुद्धा सहन होत नव्हतं.

"जावई," शिडीपाशी उभ्या मिस्त्रीनं खालून हाक मारली, "झोपलास का रे?"

"नाही."

"मग काय, सासूची आठवण आली?"

खाली दोघंतिघं हसले. साइटवर त्याचं नावच जावई पडलं होतं. लग्न करून बायकोच्या घरी राहायला गेला आणि इथल्या लोकांना आयतं कोलीत मिळालं. आधी तो चिडायचा. मग ओ द्यायला लागला.

"मिस्त्री, मला जरा ओढा," तो म्हणाला.

"ओढू? गोणी आहेस का तू?"

"पाय धरून ओढा. मला हलता येत नाहीये."

आवाजात काहीतरी होतं, कारण यावेळी कुणी हसलं नाही. मिस्त्री शिडी चढून आला, घोटे धरले आणि फळीवरून त्याला अलगद मागं घेतलं. शिडी उतरताना जावई एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत होता. लहान पोर जिना उतरतं तसा.

जेवणाच्या सुट्टीत मिस्त्रीनं त्याला पाण्याच्या टाकीमागं घेतलं. मिस्त्री वयानं मोठा, पोटानं त्याहून मोठा, आणि जगातल्या कुठल्याही विषयावर त्याचं मत तयार असायचं.

"बोल. घोड्यावरून उतरल्यासारखा काय चालतोयस?"

"पुळ्या आल्यात."

"कुठं?"

"खाली."

"खाली म्हणजे?"

"खाली म्हणजे खालीच, मिस्त्री. आता काय बोट दाखवू?"

मिस्त्रीनं मान हलवली. "उष्णता. पाणी पीत नाहीस तू."

"पितो की. उष्णतेनं एवढं दुखतं का? टोचतं, जळतं, आणि दोन पुळ्या तर मोठ्या, धडधडतात."

"मग..." मिस्त्रीनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "बाहेर कुठं गेला होतास?"

"कुठं बाहेर?"

"अरे, बाहेर. शेण खायला."

"नाही हो. आईशप्पथ नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग घरून आलं असेल," मिस्त्री म्हणाला, स्वतःच्याच विनोदावर हसला, जावयाच्या पाठीवर थाप मारली आणि डबा उघडायला निघून गेला. त्याच्या लेखी विषय संपला होता.

जावयाच्या लेखी तिथून सुरू झाला.

आता हे सगळं आलं कुठून, तर त्याला स्वतःला वाटत होतं त्यापेक्षा फार साधं होतं. उकाड्याला कंटाळून त्यानं एका सकाळी खालचे केस वस्तऱ्यानं पार तुळतुळीत काढले. घाईत, कोरडेच, कारण सासूबाई बाथरूमच्या दारावर टकटक करत होत्या. चारेक दिवसांनी मुळाशी एक केसतोडा झाला. लाल, टणक, बोट लावलं की कळ डोक्यात. तसाच सोडला असता तर बसला असता. पण हातात जीव असेपर्यंत माणूस गप्प बसतो थोडाच. यानं पिळला. तो फुटला, शेजारी दुसरा उठला आणि चड्डीला डाग पडला.

आणि इथं खरी गोची होती. त्या घरात कपडे सासूबाई धुवायच्या. सगळ्यांचे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यानं "आई, माझे मी धुतो" म्हणून बघितलं होतं. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "का? माझ्या हातानं स्वच्छ निघत नाहीत का?" पुढं बोलायची सोयच नव्हती. त्यांची एकच अट होती: साइटचे कपडे घरात आणायचे नाहीत. एकदा त्याची डांगरी, कामावर अंगभर घालायचा तो जाड डगला, चुकून त्यांच्या कपड्यांत भिजली आणि हात खाजवून खाजवून बेजार झाल्या होत्या. तेव्हापासून डांगरी साइटवरच राहायची. तिथं एक मोठी निळी बादली होती, तिच्यात सगळ्यांच्या डांगऱ्या भिजायच्या.

सासूबाई प्रत्येक कपडा धुण्याआधी उजेडात धरून बघायच्या. सवयच. आता जावयाची डाग पडलेली चड्डी सासू खिडकीशी उजेडात धरून बघतेय, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि याच्या तोंडचं पाणी पळालं.

म्हणून तो चड्ड्या साइटवर धुवायला लागला. त्या निळ्या बादलीत.

काचेचा कापूस हातात घेतला तर मऊ लागतो. पण तो कापूस नसतोच, केसाहून बारीक काचेच्या तारा असतात त्या. डांगरीतून सुटायच्या, पाण्यात तरंगायच्या, पिळताना चड्डीच्या विणीत जाऊन बसायच्या. कोरडं झालं की काही दिसायचं नाही. जावई ती चड्डी घालून दिवसभर पोटावर सरपटायचा. दोन केसतोड्यांच्या भोवती पुरळ उठलं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडं गेला, तर दुकानात एक शेजारीण उभी. तो "खाजेचं काहीतरी" एवढंच पुटपुटला. औषधवाल्यानं न बघता एक मलम काढून दिलं. लावल्यावर दोन दिवस स्वर्ग. मग आधीपेक्षा वाईट. मग अजून लावलं.

यातलं काहीएक त्याला कळत नव्हतं. त्याला एवढंच कळत होतं की मी कुठं गेलो नाही, आणि तरी मला आलंय.

त्या संध्याकाळी तो बाथरूममध्ये मोबाईल घेऊन बसला. दाराची कडी मोडकी, म्हणून एक पाय दाराला लावून, दुसरा बादलीच्या काठावर. शोधलं, "लघवीच्या जागी दुखणाऱ्या पुळ्या". फोटो आले. बघवेनात, पण बघितले. प्रत्येक फोटो आपलाच वाटायला लागला. एकात पाणी भरलेले फोड होते, त्याखाली लिहिलं होतं की हा संबंधातून पसरणारा विषाणू आहे आणि जोडीदारालाही विचारा. याच्या फोडांत पाणी नव्हतं. पण घाबरलेल्या माणसाला पाणी दिसतं.

"जावईबापू," बाहेरून सासूबाई, "बरं आहे ना पोट?"

"हो आई. आलोच."

"नाही, मोबाईलचा उजेड दिसतोय फटीतून म्हणून विचारलं."

घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आतल्या खोलीत हे दोघं, बाहेर सासूबाई, मधे दार नाही, पडदा. त्या घरात एकट्यानं शिंकायचीही सोय नव्हती. स्वतःचं घर असतं तर तो आरशासमोर पाय फाकवून उभा राहिला असता, नीट बघितलं असतं, ओरडला असता. इथं त्यानं फ्लश केलं, काही नसताना, आणि बाहेर आला.

बायको पडद्याआड केस विंचरत होती. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची, फ्रेमा दाखवायची, काचा बसवून द्यायची. तिथं डोळे तपासणारा एक माणूस होता. उंच, हसरा. उशीर झाला की तो तिला गाडीवरून चौकापर्यंत सोडायचा. जावयाला हे पहिल्यापासून माहीत होतं, कारण तीच सांगायची. त्या माणसाची नक्कलसुद्धा करायची, "हं, आता ही ओळ वाचा, ताई, अंदाजानं नको." दोघं पोट धरून हसायचे.

आता जावयाला ते हसणं आठवलं, पण हसू आलं नाही.

मिस्त्रीचं वाक्य काढून टाकायचा त्यानं खूप प्रयत्न केला. मनातल्या मनात स्वतःला शिव्या दिल्या. पण हिशोब करायला बसलं की उत्तर तेच यायचं. मी नाही, म्हणजे ती. ती नाही, म्हणजे मी. आणि मी तर नाही. जितका तो स्वतःला निर्दोष समजायचा तितकी ती अपराधी व्हायची. आपण काहीतरी केलं असतं तर बरं झालं असतं, असंही एकदा त्याच्या मनात येऊन गेलं. निदान ती सुटली असती.

तो तिच्याकडं पाठ करून झोपू लागला. ती जवळ आली की कंबर दुखतेय म्हणायचा. ती कंबर चोळून द्यायला लागली तर खेकसला. तिच्या मोबाईलची स्क्रीन पेटली की त्याची नजर जायची. ती कपडे वाळत घालताना, पाणी पिताना, तो बघत बसायचा, जणू तिच्या अंगावर कुठंतरी लिहिलेलं असेल.

रविवारी दुपारी सासूबाई जेवून आडव्या झाल्या होत्या. घोरायच्या नाहीत, त्यामुळं झोपल्यात की नुसत्या पडल्यात ते कधी कळायचं नाही. पडद्याआड बायको घड्या घालत होती.

"एक विचारू?" जावई कुजबुजला.

"विचार."

"तुला काही त्रास होतो का?"

"कसला?"

"म्हणजे... खाली. पुळ्या, आग, असलं काही."

"नाही. का?"

"कधीच नाही झाला?"

"नाही म्हटलं ना. तुला होतोय?"

तिनं हातातला टॉवेल खाली ठेवला.

"म्हणून कंबर दुखतेय होय तुझी," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आधी काळजीच आली. तो तिथंच थांबला असता तर बरं झालं असतं.

"मी कुठं गेलो नाही," तो म्हणाला. "मी शपथेवर सांगतो. मग मला आलं कुठून?"

ती बघत राहिली. चष्म्याच्या दुकानात राहून तिला माणसाच्या डोळ्यांत बघायची सवय होती. त्याच्या डोळ्यांतलं वाचायला तिला वेळ लागला नाही.

"तू माझी चौकशी करतोयस," ती म्हणाली, "की माझ्यावर चौकशी बसवतोयस?"

"तसं नाही."

"मग कसं?"

"तू त्याच्या गाडीवरून..."

"हळू बोल. आई बाहेर आहे."

"मी हळूच बोलतोय."

"अजून हळू बोल," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका खाली गेला की त्याला ओठ बघून समजून घ्यावं लागलं. "माझ्या आईच्या घरात बसून तू मला हे विचारतोयस. तिनं धुतलेला शर्ट घालून."

भांडायला निदान आवाज लागतो. दोघं ओठ हलवत भांडले, मुक्यांसारखे. बाहेर सासूबाईंची खाट करकरली आणि दोघं एकदम घड्या घालायला लागले.

"उद्या डॉक्टरकडं जायचं," ती म्हणाली. "मी पण येणार. आत येणार. तुझ्या तोंडचं मला नको, डॉक्टरच्या तोंडचं हवंय."

त्वचेचे डॉक्टर म्हणून गेले तर आत बाई होत्या. पन्नाशीच्या, बारीक कापलेले केस, समोर चहाचा रिकामा कप. जावयानं दारातच पाय मागं घेतला. बायकोनं पाठीत बोट खुपसलं.

"बसा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बसता येत नसेल तर उभे राहा. काय होतंय?"

त्यानं छताकडं बघत सांगितलं. इतकी वर्षं छतात काढल्यानं तेवढी एक जागा ओळखीची होती.

बाईंनी पडद्यामागं नेलं, हातमोजे घातले, वरून दिवा ओढला आणि डोळ्याला भिंग लावून बघायला लागल्या. फार वेळ बघत होत्या. जावई पडल्यापडल्या भिंतीवरच्या पंख्याच्या बटणाकडं बघत होता.

"हे मोठे दोन आहेत ना, हे केसाच्या मुळाशी आहेत. केसतोडे. वस्तरा फिरवला होता?"

"हो."

"आणि पिळले."

"...हो."

"पिळायचे नाहीत. पू आत पसरतो. आणि लावलं काय? कातडी पातळ झाली आहे."

त्यानं खिशातून पिळून पिळून चपटं झालेलं मलम काढलं. बाईंनी नाव वाचून ते सरळ कचऱ्यात टाकलं. "खाज दाबतं, म्हणून बरं वाटतं. आतून जंतूंना रान मोकळं करून देतं. आता हे बारीक लाल टिपके. हे मला वेगळे दिसतायत. रात्री घरात अजून कुणाला खाज सुटते? बोटांच्या बेचक्यात, बेंबीपाशी?"

"नाही," पडद्याबाहेरून बायको म्हणाली.

"मग खरूज नसावी. पाणी भरलेले फोड, घोळक्यानं येऊन फुटलेले? ताप? जांघेत गाठ?"

"नाही."

"साबण बदलला?"

"नाही."

"काम काय करता?"

"डक्टला कापूस गुंडाळतो. काचेचा."

बाईंचा हात थांबला. "आतले कपडे कुठं धुता?"

हा प्रश्न मात्र त्यानं कुठं वाचला नव्हता. बाईंनी पुन्हा विचारलं.

"साइटवर," तो म्हणाला. "डांगऱ्यांच्या बादलीत."

बाईंनी साधी पारदर्शक चिकटपट्टी घेतली, कातडीवर हलकेच दाबली, उचलली, काचेवर लावली आणि कोपऱ्यातल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मग बायकोला बोलावलं. "तुम्ही बघा."

बायकोनं डोळा लावला. "काड्या आहेत. सरळ, चकाकणाऱ्या."

"काच. यांच्या चड्डीत काच आहे. दिवसभर घासली की अजून काय होणार?" बाई हात धुवायला वळल्या. "साइटवर का धूत होतात?"

"घरी सासूबाई धुतात," जावई चड्डी सावरत म्हणाला. "डाग दिसला असता."

बाई हसल्या नाहीत, पण हसू दाबलेलं कळत होतं. "भिंतीवर पाट्या असतात ना, गुप्तरोग म्हणून. तुमचा खरा गुप्तरोग. गुप्त ठेवलात म्हणून झालेला."

त्यांनी गोळ्या लिहिल्या, मलम लिहिलं, गरम पाण्याच्या कपड्यानं शेकायला सांगितलं, सैल सुती कपडे, नवीन, बादलीतले सगळे फेकून द्या. खात्रीसाठी रक्त तपासून घ्या म्हणाल्या, यांचंच असं नाही, लग्न झालेल्या कुणीही एकदा करावं.

"म्हणजे तो संबंधातला रोग नाही," जावई म्हणाला. त्याला एकदम हलकं वाटलं, रडू येईल इतकं.

"आत्ता दिसत नाही. आणि असता," बाई लिहितालिहिता म्हणाल्या, "तरी कुणाकडून कधी आला ते त्यावरून कळत नसतं. त्या पाण्याच्या फोडांचा विषाणू वर्षानुवर्षं अंगात गप्प बसून राहतो. लग्नाच्या आधीचाही असू शकतो. लोक उगाच घरात वकिली करत बसतात."

"हे परत एकदा सांगता का, डॉक्टर?" बायको म्हणाली. "ह्याला एकदा सांगून ऐकू जात नाही."

बाईंनी दोघांकडं बघितलं, आणि परत सांगितलं.

बसमध्ये जागा होती, पण तो उभा राहिला आणि ती बसली. एका स्टॉपनंतर तो वाकून म्हणाला, "चुकलं माझं."

"हं."

"मिस्त्री काहीतरी बोलला आणि माझ्या डोक्यात..."

"मिस्त्रीचं नाव काढू नकोस. मिस्त्रीबरोबर मी लग्न केलेलं नाही."

"रागावलीस?"

"नाही," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "बरं झालं काही निघालं नाही ते."

घरी सासूबाई वाटच बघत होत्या. "काय म्हणाले डॉक्टर?" जावई भिंतीशी उभा राहिला. आता ही काय सांगते त्यावर आपलं या घरातलं राहणं आहे, एवढं त्याला समजत होतं.

"साइटची काच गेली कपड्यांत, आई. लाजत होता तुला धुवायला द्यायला."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, तीन भाऊ आणि एक नवरा, सगळ्यांचं धुतलंय मी. मला काय दाखवायचं राहिलंय तुमचं?" आणि त्या पाणी तापवायला गेल्या. बाकीचं बायकोनं सांगितलं नाही. त्यानं तिच्याकडं बघितलं, आभार मानावेत म्हणून.

"अंगावरचं सांगितलं," ती हळू म्हणाली. "मनातलं ठेवलंय माझ्यापाशी."

पुळ्या बसल्या. मोठ्या दोघींचे काळपट डाग राहिले, तेही फिके झाले. रक्तात काही निघालं नाही. जावई पुन्हा पोटावर सरकू लागला, पुन्हा ओ देऊ लागला. सगळं जागच्या जागी आलं, फक्त बायको आता प्रत्येक गोष्ट सांगू लागली.

"आज दुकानात तोही होता आणि मालकही होते. मालक पाचला गेले. मी साडेपाचला निघाले. बसनं आले."

"मी विचारलं नाही गं."

"असू दे. विचारायच्या आधी सांगितलेलं बरं."

गाडीवरून येणं तिनं बंद केलं. त्या माणसाची नक्कल करणंही. जावई म्हणाला, उशीर होतो तर येत जा की त्याच्याबरोबर, मला काही वाटत नाही. ती म्हणाली, "हो, आता नाही वाटत." आवाजात राग नव्हता. राग असता तर त्यानं पाय धरले असते. काहीच नव्हतं, नुसती माहिती होती. जेवताना माहिती, झोपताना माहिती, आणि दिवसभर फोनवर माहिती. पोचले. जेवले. शेजारच्या दुकानातली बाई आहे सोबत. निघाले.

एकदा दुपारच्या सुट्टीत डबा खाताना त्याचा फोन वाजला. मग पुन्हा वाजला. त्यानं उचलला, "हं, बरं" म्हणाला आणि ठेवला.

"कोण, बायको?" मिस्त्रीनं विचारलं.

"हो."

"मघाशी पण तिचाच होता ना?"

"हो."

"आमच्या हिनं लग्नानंतर महिनाभर केले असतील असले फोन," मिस्त्री तोंडात घास कोंबत म्हणाला. "मग माणूस मेला की जगला, विचारत नाही. नशीब काढलंस जावई. एवढा जीव लावणारी मिळायला पुण्य लागतं."

बाकीचे हसले, कुणीतरी शिट्टी मारली.

"हो," जावई म्हणाला, आणि फोन पुन्हा वाजला.